गाडी चालवणाऱ्याचं नाव

पत्र ईमेलने आलं होतं आणि रसेल मकीनन मनातून खूश होता. ऑस्ट्रेलियातल्या कुठल्याशा खाजगी पार्किंगवाल्यांनी त्याच्याकडे अठ्ठ्याऐंशी डॉलर मागितले होते. बायकोच्या, म्हणजे नोलीनच्या, भाचीच्या लग्नाला ती दोघं समुद्र ओलांडून ट्वीड हेड्सला गेली होती, तेव्हा भाड्याने घेतलेल्या गाडीचं हे लचांड. गाडीवाल्यांनी त्याचं नाव परस्पर पार्किंगवाल्यांना देऊन टाकलं होतं.

"सरकारी दंड थोडाच आहे? दे फेकून," शेजारी म्हणाला होता. "समुद्र ओलांडून इथे ओमारूपर्यंत कोण येतंय वसुलीला?"

पण रसेलला फेकायचं नव्हतं, भांडायचं होतं. निवृत्त झाल्यापासून इतकं चांगलं भांडण वाट्याला आलं नव्हतं. बिलावरच्या त्या रविवारी नोलीन गाडी घेऊन गेली होती खरी, पण समुद्रावर. तिथे गाडी लावायला पैसे पडत नाहीत. म्हणजे चूक त्यांचीच. त्याने चहाचा मग बाजूला सारला आणि पुराव्याचे फोटो उघडले.

पहिल्या फोटोत पांढरी गाडी फाटकातून आत शिरत होती. बारा वाजून चार मिनिटं. दुसऱ्यात ती बाहेर पडत होती. तीन वाजून वीस. हा फोटो समोरून काढलेला होता. गाडी कुणी पुरुष चालवत होता. काचेवर ऊन चमकत होतं, त्यामुळे चेहरा दिसत नव्हता, नुसती चौकड्याच्या शर्टाची बाही आणि स्टिअरिंगवरचा हात दिसत होता. शेजारी नोलीन होती.

ती हसत होती. डोळे मिटून, एक हात छातीवर ठेवून, तोंड सताड उघडं टाकून. रसेलने फोटो मोठा केला. तिच्या पडलेल्या दाढेची रिकामी जागासुद्धा दिसली. ती दाढ पडल्यापासून नोलीन घरात तोंडावर हात धरून हसायची.

लग्नात पांढऱ्या मिशांचा एक माणूस तिच्याबरोबर दोनदा नाचला होता. रसेलचा गुडघा दुखत होता, म्हणून त्यानेच तिला म्हटलं होतं, नाच की. तो माणूस कोणत्या शर्टात होता, हे आता काही केल्या त्याला आठवेना.

नोलीन परसातून कोबी घेऊन आली. दारातच गमबूट काढता काढता तिने विचारलं, "काय रे, जिंकलास का?"

"त्या रविवारी समुद्रावर मजा आली होती ना तुला?"

तिचा एक पाय बुटातच राहिला. रसेलने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. ती तशीच लंगडत आली, वाकून बराच वेळ बघत राहिली.

"चांगला आलाय फोटो," ती म्हणाली.

"तीन तास सोळा मिनिटं, नोलीन."

"मोजलेस?"

"त्यांनी मोजलेत. लेखी पाठवलंय." त्याने फॉर्म उघडला. त्याचे कान लाल झाले होते. "इथे एक रकाना आहे. गाडी चालवणाऱ्याचं नाव. सांग, म्हणजे बिल त्यालाच जाईल. इकडे नवरा मॉटेलवर गुडघा शेकत बसलाय आणि बाई... सांग, नाव सांग."

नोलीनने कोबी टेबलावर ठेवला.

"क्लाइव्ह."

त्याने एका बोटाने एकेक अक्षर दाबलं. "आडनाव?"

"तुझंच."

रसेलचं बोट तिथेच थांबलं. मग त्याने पुन्हा फोटो आणला आणि चेहरा सोडून स्टिअरिंगवरचा हात मोठा केला. शेवटची दोन बोटं अर्धीच होती. मटणाच्या कारखान्यात करवतीखाली ती गेली, तेव्हा रसेलने स्वतःचा शर्ट फाडून भावाचा हात बांधला होता. पुढे वडिलांच्या अंत्यविधीला दोघे शवपेटीच्या दोन बाजूंना उभे राहिले आणि तिथून आपापल्या वाटेने गेले. दोघांचं बोलणं तुटून आता अकरा वर्षं झाली होती.

"तिकडे राहतो?"

"सहा वर्षं झाली. बोटींची इंजिनं दुरुस्त करतो."

"काय खाल्लं त्याने?"

"मासे आणि चिप्स."

"व्हिनेगर ओतून?"

"बुडवून."

"केस आहेत का अजून?"

"कुठले? तुझ्यापेक्षा गुळगुळीत झालाय."

रसेल स्क्रीनवरून नजर काढत नव्हता. "आणि तू एवढी हसत कशाला होतीस?"

"तुझी नक्कल करत होता. गाडी मागे घेताना तू मान वळवत नाहीस, नुसतं ओरडून विचारतोस ना, कोणी मेलं का, म्हणून. अगदी तुझ्या आवाजात." तिला पुन्हा हसू आलं, पण त्याच्याकडे बघून ते तिने आवरलं. "बिल पाठव त्याला. भरेल तो."

रसेलने काही पाठवलं नाही. इतका वेळ तो चौकड्याच्या शर्टावर जळत होता. आता त्या शर्टाशेजारी बसलेल्या बाईवर जळत होता. तिच्या जागेकडे, तिच्या खांद्यावरच्या पट्ट्याकडे तो बघत राहिला.

"तीन तास," तो म्हणाला. त्याचा आवाज भलताच बारीक आला. "सगळे तुला एकटीला. मला एका शब्दाने विचारलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

"विचारलं होतं की. त्या सकाळीच. चल, बंदरावर जेवू, ओळखीचं कोणीतरी भेटेल, म्हटलं होतं." नोलीन खाली बसली आणि राहिलेला बूट ओढू लागली. "तू म्हणालास, रविवारी तिकडे गाडी लावायला जागा मिळत नाही."