कासवाचं अर्धशतक

"आवाज वाढव जरा. टाळ्या ऐकू येत नाहीत."

लेकीनं रिमोट उचलून आवाज थोडा वाढवला. दवाखान्याच्या खोलीतल्या टीव्हीवर परदेशातलं ढगाळ मैदान दिसत होतं. शेवटची कसोटी, शेवटचा दिवस, आणि तिचा धाकटा भाऊ खेळत होता. खेळत होता म्हणजे चेंडू अडवत होता. सात गडी बाद झाले होते, सामना कसाबसा वाचवायचा होता, आणि असल्या कामाला त्याच्याइतका चिवट माणूस संघात दुसरा नव्हता. वर्तमानपत्रं त्याला कासव म्हणायची. बाबांना त्याचा राग यायचा नाही. "शर्यत कोण जिंकलं तेही छापा म्हणावं," एवढंच म्हणायचे.

बाबा उशीला टेकून बसले होते. हाताला सलाईन, पायावर पांघरूण, डोळे टीव्हीवर. मघाशी नर्स बाटली बदलायला आली, तर तिलाच त्यांनी दटावलं, "समोरून हल गं बाई, षटक संपू दे." बिचारी खरंच भिंतीला चिकटून उभी राहिली.

दवाखान्यात आल्या दिवशीच त्यांनी फर्मान काढलं होतं, धाकट्याला यातलं काही कळता कामा नये. यंदा पहिल्यांदाच त्याची कसोटीबरोबर वनडे आणि टी-ट्वेंटीच्या संघातही निवड झाली होती. "अल्सरसाठी कुणी दौरा सोडून येतं का?" मग रोज संध्याकाळी पलंगावरूनच ते फोनवर थापा मारायचे. आत्ताच भाजी घेऊन आलो, जिना चढलो ना, म्हणून धाप लागलीय. सगळी नोकरी पोस्टात आणि सगळे रविवार क्लबच्या सामन्यांत अंपायर म्हणून उभं राहण्यात गेलेला हा माणूस. एकदा पोटच्या पोराला पायचीत देऊन घरी आला होता. आईनं अबोला धरला, तरी आपलं चुकलं असं काही म्हणाला नाही. तो म्हातारपणी इतक्या सफाईनं खोटं बोलायला शिकला होता.

लेकही त्यांचीच. अल्सर हा शब्द तिनंच शोधून काढला होता. डॉक्टरांनी तिला बाहेर बोलावून वेगळाच शब्द सांगितला होता. आता कापण्यात अर्थ नाही, महिनाभर निघाला तरी पुष्कळ, असंही सांगितलं होतं. ती तोंड धुऊन आत आली आणि हसत म्हणाली, "अल्सर आहे. लवकरच घरी सोडतील."

पण एकटीनं हे पोटात ठेवणं तिला झेपेना. परवा जिन्यात उभं राहून तिनं भावाला फोन केला आणि सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला, "ताई, ही कसोटी संपली की मी निघतो. पुढचं सगळं सोडतो. तोवर त्यांना काही कळू देऊ नकोस." काल बाबांशी तो नेहमीसारखाच बोलला. खेळपट्टीला शिव्या घातल्या, जेवण बेचव आहे म्हणाला. तिची मात्र इकडे आड तिकडे विहीर अशी गत झाली होती. आपण फोन केला हे कळलं तर बाबा जन्मभर आपल्याशी बोलणार नाहीत, अशी तिला भीती होती. आणि तो जन्म केवढा उरलाय हे आठवलं की तिला रडू फुटायचं.

"वनडेत कितव्या नंबरला पाठवतील गं त्याला?" बाबांनी विचारलं.

"बघू की," ती म्हणाली.

"एकोणपन्नास झाले."

तिला त्याचं काही विशेष वाटलं नाही. धाकट्याचं अर्धशतक म्हणजे नुसती मान हलवायची आणि पुन्हा खेळायला उभं राहायचं. ही बाबांची शिस्त. लहानपणी गल्लीत पन्नास झाल्यावर त्यानं बॅट नाचवली, तर बाबा भर खेळातून त्याला दंडाला धरून घरी घेऊन आले होते. अर्ध्या हळकुंडानं पिवळं व्हायचं नाही. बॅट वर करायची ती शंभरालाच. त्यानंतर इतकी अर्धशतकं झाली, पण त्याची बॅट कधी खांद्याच्या वर गेली नाही.

चेंडू पायावर आला. त्यानं तो हलकेच वळवला आणि धाव काढली. टाळ्या झाल्या. पलीकडे पोचल्यावर धाकटा थांबला. त्यानं हेल्मेट काढलं आणि बॅट वर केली. सोबत्यांकडे त्याचं लक्षच नव्हतं. तो कॅमेरा शोधत होता. सापडला तेव्हा त्यानं बॅट तिकडे केली आणि तशीच धरून ठेवली.

"आज कासवानं मान बाहेर काढली बरं का!" समालोचक हसला.

"सामना वाचतोय ना, त्या आनंदात केली असेल," ती घाईघाईनं म्हणाली.

पुढचं षटक सुरू झालं आणि संपलं. मग त्यांनी रिमोट मागून घेतला आणि आवाज बंद केला.

"तू फोन केलास त्याला."

तिला रडू आवरेना. "चुकलं माझं, बाबा. काय रागवायचं ते रागवा. मला एकटीला झेपत नव्हतं हो. पण बोलणं तोडू नका."

ते रागावले नव्हते. त्यांनी मोकळा हात तिच्या डोक्यावर ठेवला. टीव्हीवर धाकटा मान खाली घालून पुन्हा चेंडू अडवत होता.

"अल्सरसाठी तो पन्नासाला बॅट वर करणार नाही," बाबा म्हणाले. "त्याला खरं सांगितलंस ना? आता मलाही सांग."