न खाकरता

पूनम सून म्हणून घरात आली, तेव्हापासून पुंजाजी ओट्यावर पाय ठेवायच्या आधी खाकरायचा. तिला पदर सावरायला तेवढाच वेळ मिळायचा. मागच्या साली पोरगा गेला, घरात सासरा-सून दोघंच उरली, तरी त्याची सवय सुटली नाही. खाकरून आत जावं, तर पूनम हसून पाण्याचा तांब्या पुढे करायची. पोरगी सावरली, असं तो अमडापूरभर सांगत फिरायचा.

गल्लीत चोरी झाली म्हणून लेक अश्विनीनं मधल्या घरात कॅमेरा बसवला आणि बापाच्या मोबाईलला जोडून दिला. दुसऱ्या दिवशी वावराच्या धुऱ्यावर भाकर खाता खाता पुंजाजीनं सहज उघडून पाहिलं. पूनम भिंतीला टेकून, तोंडात पदराचा बोळा कोंबून रडत होती.

न खाकरता आत शिरल्यासारखा तो ओशाळला. मोबाईल त्यानं उपडा ठेवला. मग पुन्हा उचलून लेकीला फोन लावला.

"अश्विनी, तो कॅमेरा काढून टाक माय."

"काऊन बाबा? काही दिसलं काय?"

"काही नाई. आपल्याच घरात चोरून काय पाहाचं?"

संध्याकाळी तो घरी पोचला, तेव्हा पूनम तांब्या घेऊन दारातच उभी होती. हसत होती.

"मामाजी, आज मारोतीच्या पारापासूनच खाकरत आले तुम्ही?"

"हाव. घसा धरला जरा."