वरचं एक सफरचंद

मायबाप, जरा सरकून जवळ बसा, वरवट बकालच्या पूनमची गोष्ट सांगतो. धंदा शिकायला कॉलेजनं तिला महिनाभर जर्मनीत धाडलं. शेवटची परीक्षा तिथल्या आठवडी बाजारात. बारापर्यंत सफरचंदं खपली नाहीत तर नापास. पूनमनं पहिल्या आजीबाईंना किलोभर जोखून दिली आणि हसून वर एक ठेवलं. सोबत आलेला तिचा वर्गमित्र प्रेम कुजबुजला, “काऊन वं, फुकटात वाटून फेल व्हाचं हाय काय?” “थांब बे, पाय तं काय होते!” इतक्यात आजीबाई परतल्या, जास्तीचं सफरचंद पुढं करून म्हणाल्या, “पोरी, जोखताना चुकलीस.” “नाही आजी, ते एक माझ्याकडून तुम्हाला.” आजीबाई हरखल्या आणि अख्खी गल्लीच घेऊन आल्या. अकरालाच पेट्या रिकाम्या! परीक्षा घेणाऱ्या सरांनी पूनमला विचारलं, “हे कोणत्या पुस्तकातलं?” “माझ्या मायच्या भाजीच्या दुकानातलं, सर.” मंडळी, भाजीवालीनं मेथीवर फुकट कोथिंबीर ठेवली, तर पूनमच्या त्या माउलीची आठवण काढा.