दातेरी सुरी

खिळ्यावरचा नान मस्तुराने खाली काढला. मागून त्याला बुरशी धरली होती. छपरातून झिरपलेलं पाणी भिंतीत मुरलं होतं आणि ओल नेमकी इथवर पोचली होती.

रशियाला कामाला निघताना तिच्या पोराने, इल्हामने, या नानचा एक घास खाल्ला होता. उरलेला त्याने परत येऊन संपवायचा, तोवर तो भिंतीवर टांगलेला, अशी त्यांच्याकडची रीत; नान जपला की माणूस घरी परततो. आता तो वाळून खापरासारखा झाला होता, पण काठावर पोराच्या दातांची खूण तशीच होती. बुरशी तिच्यापासून जेमतेम बोटभर लांब होती. आणि गेले कित्येक दिवस इल्हामचा फोन लागत नव्हता.

नान हातात धरून ती खोलीभर फिरली. दाराशी गेली, परत आली. शेजारणीला विचारावं, तर संध्याकाळपर्यंत गावभर बोभाटा. तसाच ठेवावा, तर उद्या खूणही जायची. शेवटी तिने नवऱ्याने घडवलेली सुरी काढली. नान हाताने मोडायचा, त्याला सुरी लावायची नाही, हे तिला चालता येण्याआधीपासून ठाऊक होतं. "माफ कर," ती पुटपुटली, कुणाला ते तिलाच ठाऊक, आणि तिने पातं टेकवलं.

तिचा नवरा तुर्गुन म्हणजे उस्ता, कसबी कारागीर; त्याच्या सुरीला सगळा बाजार मानायचा. मांसातून ती लोण्यातून जावी तशी जायची. पण या कडक पापुद्र्यावरून ती सर्रकन घसरली. मस्तुराने जोर लावला. कट्ट आवाज झाला आणि एक बारीक तडा खुणेकडे सरकला.

"आई, थांबा!" इल्हामची बायको झुमरद पिठाच्या हातांनीच धावत आली. "दाबू नका! दाबलं की फुटेल तो."

"मग काय करू गं? माझा पोरगा तिकडे..."

झुमरदने आपल्या पेटीतून दातेरी सुरी आणली. लग्नात ताश्कंदहून आणलेली. तिला पाहून सासरा पोट धरून हसला होता. "दात असलेली ती सुरी कसली? करवत आहे ही! सुतारकाम काढलंय का, सूनबाई?" तेव्हापासून ती पेटीतच पडून होती.

"हिला जोर नाही लागत. नुसती ओढायची." झुमरद हलक्या हाताने सुरी पुढे-मागे नेऊ लागली. दाते पापुद्र्यात रुतले, घसरले नाहीत. मस्तुराने दोन्ही हातांनी नान धरला होता. बुरशीचा तुकडा सुटला. तडा अलीकडेच थांबला होता. खूण शाबूत होती.

तेवढ्यात उस्ता दारात आला. फोन लागतो का बघायला तो टेकाडावर गेला होता. लागला नव्हता, हे त्याच्या तोंडाकडे बघूनच कळत होतं. नानकडे आणि दोन सुऱ्यांकडे बघत तो तसाच उभा राहिला.

मस्तुराला रडूच फुटलं. "मी नानला सुरी लावली हो! पोराचा पत्ता नाही, आणि मी त्याच्याच नानला सुरी लावली."

उस्ताने आपली सुरी उचलली, धारेवरून अंगठा फिरवला.

"हिने कापलं?"

"नाही. घसरली."

घसरली म्हटल्यावर एरवी तो भांडलाच असता. आज त्याने सुरी सरळ म्यानात घातली. मग समोरच्या कोरड्या भिंतीत नवा खिळा ठोकला आणि खूण दाराकडे येईल असा नान टांगला.

"मग रडतेस कशाला?" तो पाठमोराच म्हणाला. "सूनबाईच्या त्या वस्तूला मी सुरी कधी म्हटलंय?"