हरवलेल्यांचं पान

"झालं का रे, बाबा?" भिंतीशी पडल्या पडल्या बायडाबाईनं विचारलं.

"नाही हो मावशी. पुन्हा अडलं."

"आसू दे. घाई नको करू." ती हलकेच हसली आणि पदर डोळ्यांवर ओढून कुशीवर वळली.

मनोजला तिच्या धीराचं नवल वाटे. कॉम्प्युटरच्या ज्या पानावर तिचं घरी जाणं अवलंबून होतं, ते त्याच्या हातून उघडत नव्हतं, आणि वर तीच त्याची समजूत घालत होती.

२००३ चा सिंहस्थ. पंचवटीतल्या एका शाळेत हरवलेल्या माणसांसाठी केंद्र उघडलं होतं. पर्वणीची गर्दी ओसरली, भोंग्यांवरचा पुकारा थांबला, आणि त्यानंतर बायडाबाई केंद्राच्या पायरीवर येऊन बसली. पन्नाशीची बाई, काखेत कापडी पिशवी. केंद्र सांभाळणाऱ्या उज्वलाताईंनी परोपरीनं विचारलं, पण ती ना नाव सांगे ना गाव. नुसती डोळे पुसत राहिली.

"भेदरलीय बिचारी," ताई म्हणाल्या. त्यांनी मनोजच्या कॉम्प्युटरच्या खोलीत तिला सतरंजी अंथरून दिली.

मनोज कॉलेज रोडवरच्या क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायचा. हरवलेल्यांची नावं आणि फोटो इंटरनेटवर टाकायचे, म्हणजे मनमाड, इगतपुरीच्या केंद्रांवरही ते दिसतील, ही कल्पना त्याचीच. पानं त्यानं पीएचपीत लिहिली होती. पण ती भाषा पानं दाखवणाऱ्या वेब सर्व्हरला कळायची, तर तिचं मॉड्यूल, म्हणजे जोडायचा भाग, त्याच मशीनवर कंपाइल करून, म्हणजे घडवून, सर्व्हरला जोडायला हवं होतं. तिथंच घोडं पेंड खात होतं. आधीचा सर्व्हर बाहेरून मॉड्यूल जोडूनच घेईना, म्हणून त्यानं सर्व्हर नवा बसवला. आता कंपाइल पुरं व्हायचं, पण मॉड्यूल जोडलं की सर्व्हर सुरू व्हायलाच तयार नसे. अमुक एक गोष्ट सापडत नाही, एवढी एक ओळ दाखवायचा आणि गप्प.

खोलीच्या खिडकीबाहेर चिंच होती. गोदेकडून ओला वारा यायचा. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभरा वर सरकत, आणि बायडाबाई अर्धवट मिटल्या डोळ्यांनी त्या बघत राही.

"डोंगरावर धुकं चढतंय जणू," ती पहिल्या दिवशी म्हणाली होती. केंद्रात आल्यापासूनचं तिचं ते पहिलं वाक्य.

"यात तुमचं नाव घालायचंय, मावशी. फोटोही काढू. मग तुमचे घरचे येतील न्यायला."

ती उठून बसली. "ह्ये चालतंय का पन?"

"कुठलं चालतंय! ताई म्हणतात, पुढच्या कुंभापर्यंत चाललं तरी मिळवलं."

तेव्हा ती हसली. मग आपणहून नाव सांगितलं. गाव म्हणाली वडगाव. तालुका तिला सांगता येईना, आणि धन्याचं नाव ती घेईना. वडगावं तर जिल्ह्यात ढीगभर. मनोजनं फोटो काढला, तेव्हा तिनं केस नीट केले, कुंकू सारखं केलं.

त्यानंतर ती त्या खोलीचीच झाली. सकाळी झाडून काढी, केंद्राच्या स्वयंपाकाला भाजी निवडून देई आणि दुपार झाली की झोपे. "हितं लय झोप लागती बघ," ती ओशाळून म्हणे. कधी जिन्यात जड पावलं वाजली की दचकून जागी होई.

"घरची आठवण येते ना?" मनोज विचारी.

"येती की." आणि ती चिंचेकडे बघत बसे.

आजही ओळी सरकत होत्या. बघता बघता मनोजचं लक्ष एका शब्दावर अडलं. जवळजवळ प्रत्येक ओळीशेवटी तोच होता. त्याचा अर्थ, हे मागचंच उत्तर आहे. त्यानं कपाळावर हात मारला.

"मावशी, सापडलं! पहिल्या खेपेला यानं जे तपासलं, ते एका फाइलमध्ये साठवून ठेवलंय. मी सर्व्हर बदलला, पण हे अजून जुनंच धरून बसलंय."

"मंग?"

"पुसून टाकायचं सगळं, आणि पहिल्यापासून करायचं."

"पुसता येतं व्हय?" तिनं इतक्या हळू विचारलं की त्याला ते जेमतेम ऐकू आलं.

"येतं की!"

त्यानं जुनं सगळं पुसलं आणि कंपाइल पुन्हा लावलं. बाहेर पाऊस बारीक भुरभुरत होता. सर्व्हर सुरू झाला, पान उघडलं, आणि पडद्यावर बायडाबाईचा चेहरा आला, कुंकू लावलेला. तो हर्षानं वळला. ती गाढ झोपली होती. उठल्यावर सांगू, म्हणून त्यानं हाक मारली नाही.

दिवस कलला आणि मनमाडहून फोन आला. तिथल्या केंद्रावरची मुलगी एका दमात बोलत होती. बायडाबाईचे मालक तिथंच चौकशीला येत असत. आज फोटो दिसला आणि त्यांनी ओळखला. इथला पत्ता तेवढा लिहून घेतला. मग दोन्ही भावांना घेऊन जीपनं निघाले.

उज्वलाताईंनी डोळे टिपले. मनोजला तर पाय जमिनीवर आहेत की नाहीत तेच कळेना. तो धावत खोलीत आला.

"मावशी, उठा! मशीन चाललं! मनमाडला फोटो बघितला, तुमचे मालक निघालेत. दोघे दीरही आहेत बरोबर. पोचतीलच आता!"

बायडाबाई उठून बसली. पडद्यावरच्या आपल्या चेहऱ्याकडे तिनं एकवार बघितलं. मग घाईघाईनं लुगडं पिशवीत कोंबू लागली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"आता कशाला रडता, मावशी? घरीच चाललात!"

ती त्याच्या अगदी जवळ आली. दाराबाहेर नजर टाकून तिनं आवाज खाली आणला.

"बाबा, ह्या शाळंला मागलं दार हाय का?"