नुसता पाव

आईला माती देऊन आल्यावर दुसऱ्या सकाळी एडना आईच्याच चुलीपाशी उभी होती. मागे टेबलाशी थोरला भाऊ विल्फ आपल्या नातवंडांना रंगवून सांगत होता, “रोज अंडं आणि तळलेला पाव! राजासारखे वाढलो आम्ही. काय गं एडना?” एडनाचे कान तापले. इंग्लंडमध्ये यॉर्कशायरच्या त्यांच्या खाणकामगारांच्या गल्लीत अंडं मिळे कमावत्यांना. पोरींना उरलेल्या चरबीत तळलेला नुसता पाव. चौदाव्या वर्षी ती गिरणीत लागली, त्या सकाळी तिने हक्काने ताटली पुढे केली. आईने अंडं झाकून ठेवलं, रात्रीची दारू न उतरलेल्या विल्फसाठी. आता एडनाने विल्फपुढे नुसत्या पावाची ताटली आदळली. “अगं, अंडं विसरलीस!” “पन्नास वर्षांत एकदाही विसरले नाही,” ती म्हणाली. “तुझी न्याहारी पोरांनी ऐकली, आता माझी बघू देत.” मग टोपलीतलं शेवटचं अंडं तिने तव्यात फोडलं, स्वतःसाठी.