कालच्या भातातले जीव

शिळ्या भातावरून ज्योत्स्नाचं सासूशी रोज वाजायचं. "आई, भातातले काही जीव उकळूनही मरत नाई. झोपून राह्यतात, अन् भात तसाच ठेवला का पुन्हा जागे होतात," हे सांगून सांगून ती थकली. शेवटी ती शिकवायची त्या आरमोरीच्या कॉलेजात नेऊन तिने रुखमाबाईंना कालचा भात सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला.

आत नुसती वळवळ चालली होती. रुखमाबाई बराच वेळ डोळा लावून बसल्या. आता तरी सासू ऐकेल, म्हणून ज्योत्स्ना मनातून खूश झाली.

रुखमाबाईंनी गळ्यातली तुळशीची माळ चाचपली आणि म्हणाल्या,

"म्हणजे माळ घातल्यापासून तीस वर्षं मी रोज जीवच खाऊन राह्यली? तं मंग चाल पोरी, घरी जाता जाता कोंबडाच घेऊ!"